किनाबालूचे उंदीर आणि माझा लाडू

बायकोबरोबर उंदीर पकडायला जायचंय, म्हणून चार दिवसांची रजा मागितली. मॅनेजर नुसता "कॅन, कॅन" म्हणाला, म्हणजे सिंगापुरी भाषेत "चालेल". मृणाल इथे सिंगापुरात पोस्टडॉक संशोधन करते, डोंगरातल्या छोट्या प्राण्यांवर. तिचा सहकारी आजारी पडला आणि माझी वर्णी लागली.

चांगी विमानतळावरून मलेशियातलं कोटा किनाबालू विमानाने अडीच तास. पुढे किनाबालूच्या डोंगरात जाणारी शेअर व्हॅन स्वस्त पडते, पण भरल्याशिवाय हलत नाही. वळणांवर गाडी लागते, खिडकी पकडा. मुक्कामी चक्क स्वेटर लागतो, सिंगापुरातल्या सेरंगूनच्या घामट माणसाला याहून सुख नाही. शाकाहारी असाल तर नूडल्स सांगताना "अंडं नको" दोनदा म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस पिंजरे घेऊन जंगलात चढलो. गमबूट हवेतच. प्रत्येक पिंजऱ्यात उबेला कापूस आणि ओट्स-पीनट बटरची एक गोळी. "सगळीकडे हेच खाणं, दुसरं काही नाही," मृणालने बजावलं होतं. शेवटचे पाच पिंजरे मी एकटा लावत होतो. रात्रभर थंडीत अडकणाऱ्या जिवांची मला दया आली. सासूबाईंचा शेंगदाण्याचा लाडू खिशात होता, तो थोडा थोडा कुस्करून त्या पाचांत घातला. शेंगदाणाच तर आहे, म्हटलं.

उजाडताच फेरी. पस्तीसपर्यंत सगळं ठीक. छत्तिसावा पिंजरा मुंग्यांनी काळा झाला होता. आमचे वाटाडे जेम्स, साठीचे गृहस्थ, दार उघडता उघडता म्हणाले, "गोड कुणी घातलं?"

लाडवातला गूळ. मी सांगून टाकलं. आत पिल्लांना पाजणारी उंदरीण होती, कान आणि पापण्या मुंग्यांनी धरलेल्या. मृणाल चिमट्याने एकेक मुंगी काढत राहिली. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"वजन घ्यायचं?" मी वही धरून विचारलं.

"नको. पिल्लं उपाशी असतील. सोडू."

जमिनीवर ठेवली तर हलेना. जेम्सनी बाटलीच्या झाकणात पाणी धरलं. बऱ्याच वेळाने ती प्यायली आणि फरफटत मुळांखाली गेली. उरलेल्या चार पिंजऱ्यांत नशिबाने कुणी नव्हतं. ते मी स्वतः धुतले.

जायचं असेल तर जरूर जा. डोंगर सुंदर आहे, सकाळी शिखर ढगांतून बाहेर येतं. पण मला घरी आल्यावर आठवत राहिली ती उंदरीण.

रविवारी मृणाल वहीतल्या नोंदी लॅपटॉपवर चढवत होती.

"जगली असेल ना गं?"

"माहीत नाही. पाहिलं तेवढंच लिहिता येतं."

नोंद मराठीत सांगायची तर अशी: पिंजरा छत्तीस. मादी, पाजणारी. मोजमाप नाही. खाण्यात गूळ, चूक आमची. सोडली तेव्हा जिवंत.

"'आमची' नको, 'माझी' लिही," मी म्हटलं.

"पिंजरे मी लावायला सांगितले होते," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीवर गेली.