ताटातलं करडू

अंधेरीच्या एका जाहिरात एजन्सीत मी कॉपी लिहिते. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे शाकाहाराच्या प्रचाराचं काम आलं. काम देणारे गृहस्थ वयस्कर होते आणि मनापासून बोलत होते. कत्तलखान्याबाहेर टेम्पोतून उतरवली जाणारी जनावरं त्यांनी एकदा पाहिली होती. रस्त्यावरचा माणूस बघून थांबला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी थांबवणारी ओळ लिहिली. चित्रात जेवणाच्या ताटात एक करडू, गळ्यात शाळेचा टाय, पाठीला दप्तर. खाली: ‘याची आई अजून वाट बघतेय.’ ही ओळ सुचली तेव्हा मी ऑफिसखालच्या गाडीवर भुर्जीपाव खात होते. त्यात काही खटकलंही नाही.

होर्डिंग लागलं ते विक्रोळीत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पहिले दोन दिवस मी मुद्दाम रिक्षा तिकडून न्यायला लावली. लोक खरोखरच मान वळवून बघत होते. मला बरं वाटलं.

त्या रविवारी आईने बांगडे तळले. आई मालवणकडची, आमच्याकडेच राहते. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिने ताट बाजूला सरकवलं आणि आजीला विचारलं, “याला तू मारलंस? याची आई वाट बघत असेल ना?”

आईने तव्याखालचा गॅस बंद केला. हे कोणी सांगितलं, म्हणून तिने दोनदा विचारलं. स्कूलबसमधून दिसतं, असं मुलगी म्हणाली. मी समोरच बसले होते. खाली मान घालून काटे काढत राहिले.

नुसते मासे सोडले असते तर मी स्वतःला समजावलंही असतं. पण ती बसमध्ये चढेना. शाळेतून बाईंचा फोन आला, की ही मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन उभी राहते आणि आई आली का विचारते. टाय आणि दप्तर तिच्याकडेही होतं. ते करडू म्हणजे आपणच, असं तिने धरलं होतं. मोठ्यांनी मान वळवून बघितलं आणि संध्याकाळी ते कोंबडी घेऊन घरी गेले. ओळ पटली ती फक्त तिला, जिला उलट बोलता येत नव्हतं.

मी साहेबांकडे गेले. ते माझ्याहून तरुण आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे लागतेय ना ओळ, यार.” मुलांच्या वाटेवरून तरी हलवू या, म्हटलं, तर जागा महिन्यासाठी घेतलीय म्हणाले. दुसरा भागही ठरला होता, अंडी आणि कोंबडी. तो मी लिहिणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे तो दुसऱ्याला दिला.

त्या संध्याकाळी मी आईला खरं सांगितलं. आई चिडली की मालवणीत बोलते.

“काय सांगूचा होता, ता माका सांगूचा होता. त्या चेडवाक कित्याक भियवलंस?”

मी म्हटलं, ओळ खोटी नाहीये. तिला ते मान्य होतं. ती एवढंच म्हणाली, की मग त्या पोरीला जवळ घेऊन सांगायचं होतंस.

महिनाभर मी मुलीला स्वतः शाळेत सोडलं. होर्डिंग मुदत संपल्यावर उतरलं. फाटकाशी उभं राहणं हळूहळू थांबलं, मासे मात्र परत आले नाहीत. आई तिच्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी करते. गेल्या आठवड्यात मी मुलीला विचारलं, अजून भीती वाटते का? “नाही गं. मला नकोच ते,” म्हणाली आणि चित्र रंगवत बसली.

हे तिचं स्वतःचं आहे की माझ्या ओळीचं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या गृहस्थांना सांगितलं तर ते खूश होतील. मी सांगितलेलं नाही.