उभ्या माणसाचं चित्र

चहात साखर टाकून तो ढवळायचा नाही. तळाची गोडी शेवटी एकदम प्यायचा. गुरांना शिव्या इंग्रजीत द्यायचा, कारण झुलूत दिल्या तर पूर्वजांना कळतात म्हणे. फोटोत हसायचा नाही. दुसऱ्याच्या टोपीला हात लावायचा नाही. आणि घरी कधी उताणा झोपायचा नाही. "ते कामावर," म्हणायचा.

त्याचं काम मरण्याचं होतं.

डुमेझ्वेनी म्बाथा. वडीलधारे त्याला कुळाच्या गौरवनावानं शांडू म्हणत, आम्ही डुमे. आमचं गाव दक्षिण आफ्रिकेत, इसांडल्वानाच्या डोंगराखाली आहे. आमच्या पणजोबांच्या पिढीनं इथंच इंग्रजांची छावणी कापून काढली. ती लढाई रंगवायला मिस्टर हॅलम दर हिवाळ्यात इंग्लंडहून येई. गावातल्या माणसांच्या हाती ढाल-भाला देई, फोटो काढी आणि घरी जाऊन त्यांवरून मोठी चित्रं रंगवी. त्या चित्रांच्या छापील प्रती आमच्या इथल्या हॉटेलच्या दुकानात विकायला येत. त्या दुकानात मी बसतो. साहित्याच्या पदवीवर दुसरं काही मिळालं नाही.

डुमे फार सुंदर पडायचा. आधी गुडघे, मग खांदा, मग तोंड आभाळाकडे. त्यामुळे प्रत्येक चित्रात तो खाली मरून पडलेला. एकदा दाढी लावून, एकदा पिकल्या केसांनी, एकाच चित्रात तीन ठिकाणी. इंग्रज सैनिक मात्र प्रत्येक वेळी वेगळे.

"काय रे मढ्या, आज किती वेळा?" गावातलाच म्झोंडेनी विचारायचा. त्याला हॅलम चित्रात नेहमी उभा करी.

"तू राहा उभा. पायांना गोळे येऊ देत. मी झोपून कमावतो."

त्या वर्षी नवं चित्र आलं तेव्हा डुमे दुकानात होता. मी गुंडाळी उलगडली. अगदी पुढं, डाव्या कोपऱ्यात, तोंड उघडं टाकून तो पडला होता. मागं डोंगर. या वेळी त्याचा चेहरा ओळखू येण्याइतका मोठा होता.

"हे कुठं जातं रे, प्रोफेसर?"

"इंग्लंडला जास्त. लोक दिवाणखान्यात लावतात."

"म्हणजे ते जेवतात आणि समोर माझं मढं?" तो हसला. मग खोकला सुरू झाला आणि थांबेना.

दवाखान्यानं क्षय सांगितला. गोळ्या तो नेमानं घ्यायचा. तरी वाळत गेला.

खराब छपाईची एक प्रत मी त्याला दिली होती. ती त्याच्या आत्यानं पाहिली. नोम्बूसो आत्यानंच त्याला वाढवलेलं. तिनं चित्र दाराशी उजेडात नेलं.

"ही जागा कुठली?"

"डोंगराखालचीच, आत्या. साहेबाला खरं गवत हवं होतं."

आमच्याकडे माणूस बाहेर मेला तर बोरीच्या जातीची काटेरी फांदी घेऊन त्या जागी जातात. त्याला नावानं हाक मारतात आणि फांदीवर बसवून घरी आणतात. डोंगराखाली पडलेल्यांपैकी कितीतरी जणांना न्यायला कोणी गेलंच नाही. हे डुमेला ठाऊक होतं. पण पैसे मिळत होते.

"आपली माणसं तिथं अजून पडून आहेत," आत्या म्हणाली. "आणि तू जाऊन त्यांच्यात आडवा झालास? कुणाला विचारून?"

"मग मलाही आण की फांदीवर."

"जित्या माणसाला फांदीवर आणतात, गाढवा? तुझं तू उठून ये."

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यानं मला हॅलमला फोन लावायला लावला. "साहेब, या वेळी मला उभा काढा," म्हणाला. पलीकडून होकार आला. फोन ठेवून तो मला म्हणाला, "माझी एवढी मढी तिकडे भिंतींवर आहेत. एक तरी उभा असू दे."

मग त्याला स्वतःची ढाल हवी झाली. हॅलमच्या ढाली बाजारातल्या, हलक्या. यानं स्वतःच्या काळ्या बैलाचं कातडं ताणून वाळवलं, कापलं, त्यात चिरा पाडल्या आणि त्यांतून पांढऱ्या कातड्याच्या पट्ट्या ओवायला बसला. बोटांत जोर राहिला नव्हता. एक पट्टी ओवली की टेकायचा.

हॅलम आला तेव्हा ढाल अर्धीच होती. डुमे उसनी ढाल घेऊन उभा राहिला. भाला उचलला.

"जरा वर," हॅलम म्हणाला. "अजून."

भाला खाली यायला लागला. मग ढालही. पहिला फोटो निघायच्या आत गुडघे गेले आणि तो खाली बसला. हॅलम वाईट माणूस नाही. धावत पाणी घेऊन आला, त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "डुमेझ्वेनी, आहेस तसाच राहा. हलू नकोस." आणि कॅमेरा उचलला.

डुमेनं ढाल तोंडासमोर धरली.

"नाही साहेब. आज नाही."

म्झोंडेनीनं त्याला काखेत हात घालून उठवलं.

"जरा ताकद येऊ दे. मी अजून आठवडाभर आहे," हॅलम म्हणाला.

"तोवर ढाल पुरी करतो."

गुरुवारी न्कुथूच्या रुग्णालयात तो वारला. मी पोचलो तेव्हा उताणा होता. तोंड उघडं.

आत्या फांदी घेऊन त्या खाटेपाशी गेली. परतताना भरलेल्या शेअर टॅक्सीत तिनं दोन जागांचं भाडं दिलं, एक तिची, एक त्याची. फांदी नेणारा माणूस कुणाशी बोलत नाही, फक्त मेलेल्याशी. "शांडू, नदी आली," ती सांगत होती. "शांडू, आता चढ आहे." डोंगराच्या वळणावर तिनं चालकाच्या खांद्याला हात लावला. त्यानं न विचारता गाडी थांबवली. ती उतरून गवतात गेली.

"ऊठ, शांडू. इथूनही ऊठ. घरी चल."

बराच वेळ उभी होती. टॅक्सीतलं कोणी कुरकुरलं नाही.

घरी फांदी आत ठेवल्यावर तिला बोलायची मोकळीक झाली. तिनं मला विचारलं, "प्रोफेसर, आणि तिकडच्या भिंतींवरून त्याला कोण आणणार?"

अजूनही दुकानात कोणी ते चित्र मागितलं की मी ते देतो. माझी नोकरी आहे.

ढाल त्याच्या खोलीत भिंतीला टेकवलेली आहे. उजव्या बाजूच्या पट्ट्या पूर्ण ओवल्या आहेत. डाव्या बाजूला वरून थोड्या आहेत. खाली नुसत्या चिरा. मधली काठी अजून बसवायची आहे. उरलेल्या पट्ट्या त्यानं मऊ व्हायला पाण्यात घातल्या होत्या.