हरिदासचे शेअर आणि गुप्त अटी

शहाऐंशी सालची गोष्ट. मार्चअखेर हरिदास ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होणार होता. क्वार्टर सोडावं लागणार, आणि चंद्रपुरात प्लॉट घ्यायचे पैसे या गड्याने पुण्याच्या एका कंपनीच्या शेअरांत घालून ठेवलेले. बॉयलरमधली ज्योत पेटलीय की विझलीय हे सांगणारं यंत्र ती कंपनी बनवायची. ते त्याच्याच प्लांटमध्ये बसवलेलं. रोज डोळ्यांसमोरचं यंत्र, मग भीती कसली, असा त्याचा हिशेब.

पण दुसऱ्या एका कंपनीने ‘हा शोध आमचा’ म्हणत पेटंटचा दावा ठोकला. भाव घसरला. मग एका सकाळी पेपरात दोन ओळी आल्या: समझोता झाला, अटी गुप्त.

झालं! वीज केंद्राच्या बसमध्ये जो तो कोर्टातच बसून आल्यासारखा बोलू लागला.

“लाखोनं दंड भरला असन,” मेकॅनिकलचे बापूराव म्हणाले.

“दंड भरला असता तं लपवला काऊन असता?” हरिदासने विचारलं.

“म्हणूनच तं लपवला ना भाऊ!”

त्या दिवसापासून हरिदासला अन्न गोड लागेना, झोप लागेना.

सोमवारी पुण्याहून कंपनीचा मेकॅनिक आला आणि यंत्रांवरच्या नावाच्या पाट्या उतरवू लागला. यंत्र भंगारात जायचं असलं की आधी त्याची पाटी निघते, हे हरिदासने नोकरीभर पाहिलेलं. कंपनी बुडाली! त्याने रजा टाकली, नागपूर गाठलं आणि मिळेल त्या भावात सगळे शेअर फुंकून टाकले. थोडक्यात वाचलो, असंही वर त्याला वाटलं.

शनिवारी त्याच यंत्रांवर नव्या पाट्या लागल्या. त्यांवर दोन्ही कंपन्यांची नावं होती. भांडणारे दोघे एक झाले होते. कोणाला काय मिळालं ते त्यांनाच ठाऊक, पण भाव मात्र दुपटीवर गेला.

बायकोला, सत्यशीलाला, हे सांगताना हरिदासची मान वर होईना. तिने सगळं ऐकून विचारलं,

“तो पाट्या काढणारा कुठी उतरला होता?”

“इथीच, गेस्ट हाऊसमधी. जेवाले आमच्याच कँटीनमधी ये.”

“मंग त्यालेच विचारलं नाई, पाट्या काऊन काढून राह्यला म्हणून?”

“मले वाटलं,” हरिदास पुटपुटला, “तेबी गुप्त असन.”

सत्यशीला रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आणि चंद्रपुरात भाड्याची खोली उद्यापासून बघायला लागा म्हणाली.