जैसलमेर साठ किलोमीटर

मिरजेच्या रसूल शिकलगारनं तेवीस वर्षं पर्यटकांच्या गाड्या चालवल्या. साताऱ्याचे मानसिंगराव सहली काढायचे आणि दर हिवाळ्यात रसूल त्यांची सतरा सीटची ट्रॅव्हलर राजस्थानला न्यायचा. उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर. तिकडचे किल्ले आणि राजवाडे त्याला बाहेरून पाठ होते. आत मात्र तो कधी गेला नव्हता. माणसं वर गेली की तो काचा पुसायचा, चाकांची हवा बघायचा आणि तासभर झोप काढायचा. त्याच्या गाडीत आजवर कुणाला साधं खरचटलं नव्हतं. हे सांगताना तो जरा ताठ बसायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये डोकं दुखतं म्हणून तो मिरजेतल्याच एका दवाखान्यात गेला. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती, उजव्यालाही सुरुवात होती. गेलेलं परत येणार नाही, थेंब घातले तर राहिलेलं टिकेल, आणि गाडी आजपासून बंद, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. रसूलनं मान डोलावली. थेंब घेतले. घरी जरिनाला म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. समोरचं तर लख्ख दिसत होतं. एवढा सीझन काढू, मग बघू, असं त्यानं स्वतःलाच समजावलं.

डिसेंबरच्या सहलीत अकरा जण होते. वाईच्या प्रमोदिनीबाईंचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट त्यांना दिली होती. त्यांचे यजमान चिंतामणराव मागं, आणि त्यांच्या मागं मुलगा धवल, सून आणि दोन नाती. बाईंनी शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला. त्या पुढं बसून रस्ता बघत, आणि रस्त्याबरोबर रसूलकडेही. डावा आरसा बघायला हा माणूस अख्खी मान वळवतो, हे त्यांच्या उदयपूरच्या आधीच ध्यानात आलं. जोधपूरला गाडी लावताना डावीकडचा दगडी खांब पत्र्याला घासला, तेही त्यांनी मनात टिपून ठेवलं.

पोखरण मागं पडलं तेव्हा सूर्य समोरच्या काचेत उतरला होता. रस्ता सरळ, दोन्हीकडं वाळू आणि खुरटी झुडपं. गाडीचा वेग ऐंशीच्या आसपास. डावीकडून एक उंट रस्त्यावर चढत होता. बाईंना तो कितीतरी आधी दिसला. त्यांना वाटलं, यालाही दिसला असेल. पण रसूलचा पाय हललाच नाही.

"रसूलभाऊ, उंट," त्या म्हणाल्या.

त्यानं ब्रेकवर सगळा भार टाकला. गाडी तिरपी होत, घासत थांबली. उंटाचा पाय बंपरपासून हातभर अंतरावर होता. मागं बॅगा कोसळल्या, एक नात सीटवरून खाली आली, पण लागलं कुणालाच नाही. उंट सावकाश पलीकडं गेला. मग मागून टाळ्या वाजल्या. धवल पुढं आला आणि त्यानं रसूलच्या खांद्यावर थाप मारली. दुसरा कुणी असता तर आज आपण संपलो होतो, असं तो सगळ्यांना सांगू लागला.

रसूलनं हँडब्रेक ओढला. त्यानं बाईंकडं पाहिलं. त्या त्याच्याकडंच बघत होत्या.

पाटीवर जैसलमेर साठ किलोमीटर होतं. आसपास वस्ती नव्हती, दुसरा ड्रायव्हर नव्हता, आणि तासाभरात अंधार पडणार होता. रसूलनं गाडी सुरू केली आणि वेग चाळीसवर ठेवला. थोड्या वेळानं बाई अगदी साध्या आवाजात बोलू लागल्या. "डावीकडे शेळ्या आहेत, चार." मग, "डावीकडे सायकल." मग, "आता काही नाही." मागच्यांना वाटलं, आजी देखावा सांगतायत. नातींनी तर त्यांच्यामागून तेच म्हणायचा खेळ लावला. बाईंच्या तळहातांना घाम फुटला होता. त्या पदरानं पुसत होत्या आणि डोळे रस्त्यावरून काढत नव्हत्या. त्या सांगतील तसा रसूल गाडी उजवीकडं घेत होता. पावणेदोन तासांनी गाडी जैसलमेरला पोचली.

सकाळी सगळे किल्ल्यावर गेले. बाई गुडघ्यांचं निमित्त करून गाडीपाशी थांबल्या.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय की काकू. ऊन डोळ्यावर आलतं."

"साठ किलोमीटर मी तुमचा डावा डोळा झाले होते. मला खोटं सांगू नका."

रसूलनं हातातलं फडकं आरशावर टाकलं. मग त्यानं कप्प्यातली थेंबांची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "गाडीशिवाय मला कायच येत न्हाई, काकू," तो म्हणाला. "घरात बी कुणाला ठावं न्हाई."

बाईंना त्याची कीव आली आणि रागही आला. माझ्या नाती मागं बसल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. आपण तोंड उघडलं तर त्याचं काम जाईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की लोक खाली आले की त्यानं स्वतः बोलावं, नाहीतर त्या बोलतील.

दोन तासांनी माणसं उतरली. रसूल गाडीच्या दारात उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, ऑगस्टपासूनचं. काल खांद्यावर थाप मारणारा धवल पांढराफटक पडला होता. "माझ्या पोरी होत्या आत," तो म्हणाला आणि बाजूला निघून गेला. रसूलनं किल्ली काढली, पण कुणाच्या हातात द्यायची ते त्याला समजेना. शेवटी चिंतामणरावांनी ती घेतली. मानसिंगराव फोनवर आधी ओरडले, मग दुपारपर्यंत त्यांनी तिथलाच एक ड्रायव्हर लावून दिला.

रसूल शेवटच्या सीटवर बसला. दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. बिकानेरला तो सवयीनं गाडीपाशीच थांबू लागला, तर चिंतामणराव परत फिरून आले आणि त्याला किल्ल्याच्या आत घेऊन गेले. एका दालनात भिंतभर निळे ढग आणि पाऊस रंगवलेला होता. रसूल समोर उभा राहिला. नुसतं उभं राहून एखादी गोष्ट बघायची वेळ त्याच्यावर आजवर आलीच नव्हती. मान न हलवता त्यानं पाहिलं, आणि डावीकडची भिंत त्याच्या नजरेत नव्हतीच. तो तिथंच खाली बसला. पहारेकरी उठवायला आला, तेव्हा चिंतामणरावांनी त्याला हातानंच थांबवलं.

मिरजेला परतल्यावर त्यानं जरिनाला सांगितलं. ती रडली नाही. चार महिने थेंब चोरून घातलेस, मी कोण परकी होते काय, म्हणून आठवडाभर फुगून बसली. मग त्याला घेऊन दवाखान्यात गेली, आणि आता थेंब वेळेवर तीच घालते. रसूल आठवड्यातून दोन दिवस साताऱ्याला मानसिंगरावांच्या ऑफिसात जाऊन बसतो. राजस्थानला निघालेला ड्रायव्हर आधी त्याच्याकडं येतो आणि पोखरणच्या पुढं संध्याकाळी गाडी किती वेगानं चालवायची ते ऐकून जातो. बसनं जाता-येता रसूल खिडकीची सीट घेत नाही. रस्ता दिसला की अजून त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो.