कण्यांची पानं

आमच्या तेरच्या घराचं दार तीनदा फिरवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते उगवतीला होतं, त्याआधी उत्तरेला, आणि मूळचं कुठं होतं ते सासूबाईंनाही धड आठवत नव्हतं. त्या घरात चाळिशी कुणाला सोसत नाही, असं गावभर बोललं जायचं. घराचा दोष म्हणून दार फिरवायचे आणि माणसं जायची ती जायचीच. निजामाचं राज्य, डॉक्टर लांब. रक्त पडलं की मूळव्याध म्हणायचं आणि वैदूचा पाला खायचा. "आमच्या घराण्याचीच मूळव्याध हाय," असं सासूबाई सांगायच्या, जशी काही पाटीलकीच!

माझे वडील बार्शीला, म्हणजे इंग्रजी हद्दीत, एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. मी शिकले चौथीपर्यंतच. पण डोकं लहानपणापासून चालायचं, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

पित्रांच्या दिवशी आमच्यात गेलेल्या प्रत्येकाचं वेगळं पान मांडतात आणि शेवटी शेवटी त्याला जे गोड लागायचं ते वाढतात. पहिल्याच वर्षी सात पानं वाढता वाढता माझा हात थांबला. तीन पानांवर खीर, वडे, शेंगदाण्याची पोळी. चार पानांवर नुसत्या ताकातल्या कण्या. त्यांतलं एक पान माझ्या सासऱ्यांचं.

"आत्याबाई, यांना कण्याच का?"

"शेवटाला त्येवढंच पचायचं गं त्यांना. वाढ गुमान."

मी गुमान वाढलं, पण डोळे मिटले नव्हते. सगळ्यांत जुनं पान सोडलं, तर ज्याच्या पानात कण्या, त्याच्या आईच्या नाहीतर बापाच्या पानात कण्या होत्याच. या घरात जन्मलेल्या ज्याच्या पानात खीर, त्याच्या लेकरांत कुणालाच कण्या नव्हत्या. सासऱ्यांची बहीण ईटला दिलेली, तीही चाळिशीच्या आतच गेलेली. माहेरपणाचं निमित्त काढून मी वाट वाकडी केली आणि ईटला जाऊन तिच्या घरच्यांना विचारलं. तिच्याही पानात कण्या! तिनं तर आमच्या दाराचा उंबरा लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता. म्हणजे दोष दाराचा नव्हता, रक्तातनं येत होता. त्या दिवशी मला आनंद झाला, आणि लगेच मी घरातल्यांची वयं मोजली. माझे मालक तिशीला टेकले होते.

रक्ताचं, कण्यांचं सगळं लिहून वडिलांना पत्र घातलं. उत्तर आलं, मिरजेला एक डॉक्टर नळीतून आतडं बघतात, जावईबापूंना लगोलग न्या.

"दुखत न्हाय, खुपत न्हाय, दावायचं काय?" मालक म्हणाले. "आन् नळी घालून घ्यायला म्या काय बैल हाय?"

दोन महिने समजावलं. मग माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी त्यांच्या ताटात भाकरी वाढलीच नाही, ताकातल्या कण्या वाढल्या. म्हटलं, "सवय करून घ्या. पुढं हेच हाय."

सासूबाई चुलीपासून ताडकन उठल्या. "जित्या माणसाला पितरांचं पान वाढतीस व्हय गं? तोंड जळो तुझं!"

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कण्या. तिसऱ्या दिवशीही कण्या. तिसऱ्या दिवशी सासूबाई त्या ताटाकडं बघत राहिल्या, आणि एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सासऱ्यांना त्यांनीच असं भरवलं होतं, सहा महिने. "जा बाबा," त्या लेकाला म्हणाल्या. "माझ्यासाठी जा." मालकांनी ताट सारलं आणि गाडी जुंपली. ढोकीच्या स्टेशनावर मिरजेची तिकिटं त्यांनीच काढली.

मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलं. तुरीच्या दाण्याएवढ्या गाठी, एक नाही, गर्दीच. "अजून बिघडलेल्या नाहीत," ते म्हणाले. "पण बिघडणार. हे तुम्हाला कळलं कसं?" मी पानांची हकिकत सांगितली. त्यांनी मोठा कागद पसरला, बायांना गोल, पुरुषांना चौकोन काढले, आणि मी सांगेन तसं भरत गेले. एवढा शिकलेला माणूस, पण मधेमधे थांबून मलाच विचारायचा, "बाई, पुढं?" त्या दिवशीचा माझा रुबाब मी जन्मात विसरणार नाही.

ऑपरेशन लई मोठं होतं. मोठं आतडं जवळपास सगळं काढलं, थोडं शेवटाला ठेवलं, आणि दरसाल नळीनं बघायचं ठरलं. मी दरसाल त्यांना घेऊन गेले. ईटच्या आतेदिराला नेलं, वाशीच्या नणंदेला नेलं. "आली बघ नळीवाली," म्हणून लोक हसायचे. हसू दे की! नणंदेच्या गाठी वेळेत सापडल्या. माझ्या थोरल्याच्याही सापडल्या, विशी लागायच्या आत. दार मात्र त्यानंतर कुणी फिरवलं नाही.

मालक ऐंशी ओलांडून गेले. दुपारी हुलग्याचे शेंगुळे जेवले, वर कच्चं तेल मागून घेतलं, सुपारी कातरायला बसले आणि तसेच कलंडले. त्यांचं पान पहिल्यांदा मांडलं तेव्हा सून पळी घेऊन थांबली.

"आत्याबाई, मामांना शेवटाला काय पचायचं?"

"समदं," मी म्हटलं. "वाढ."