रानरेड्यासाठी काडतूस

कुवेतच्या बाजारात माझे मामू बंदुकांचं दुकान चालवायचे. रत्नागिरीहून त्यांनी मला हाताखाली बोलावून घेतलं, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

मीना अल-अहमदीच्या तेलबंदरात काम करणारा एक इंग्रज साहेब आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघाला होता. मी त्याच्यापुढे दोन काडतुसं ठेवली. एक जुन्या घडणीचं, लांब, तोंडाकडे निमुळतं होत गेलेलं. दुसरं नवं, जाड, सरळ. दारू ठासून भरलेली, गोळीला वेग जास्त.

"तू कोणतं घेतलं असतंस?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

आदल्याच आठवड्यात मामूंनी आणि मी ते नवं काडतूस वाळवंटात झाडून पाहिलं होतं. भर दुपारी, तापलेलं. बार झाला, पण रिकामी पुंगळी नळीतच घट्ट बसली. नळीमागचा बोल्ट मी लाकडाने ठोकून ठोकून उघडला. जुनी पुंगळी मात्र सहज निघत होती. "दुकानात बोलू नको," मामू म्हणाले होते. "माल पडून ऱ्हायला."

आता मामू माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "साहेब, नवंच घ्या."

नवी काडतुसं आणि त्यांची रायफल घेऊन साहेब बोटीने गेला. जखमी रेडा अंगावर येतोय आणि दुसरा बार होत नाही, एवढंच डोळ्यांपुढे. दोन दिवस मी मीना अल-अहमदीच्या फाटकावर साहेबाच्या पत्त्यासाठी लोकांच्या हातापाया पडलो. कारण सांगायची लाज वाटत होती. शेवटी ते सांगितलं, तेव्हा एका कारकुनाने मोंबासातल्या हॉटेलचा पत्ता दिला. तार केली, 'काडतूस उन्हात अडकतं. वापरू नका.'

उत्तर नाही. रोज तार-ऑफिसात खेटे घालायचो. मामू चिडले, तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो, "माणूस मेला तर?"

दीड महिन्याने साहेब दुकानात आला. धडधाकट. मला रडू फुटलं.

"तार मिळाली," तो म्हणाला. "जंगलातून परतल्यावर. माझ्यापुढे माग काढणारा माणूस होता. मी बोल्टला लाथा घालत होतो, तोवर रेड्याने त्याला शिंगावर घेतलं. जागीच गेला."

मामू आत निघून गेले.

"त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हो."

त्याने रायफल फळीवर ठेवली आणि तो बाहेर पडला. त्या माग काढणाऱ्याच्या घरी कोण आहे, त्यांचा पत्ता काय, हे विचारायला मी अनवाणी धावलो. गाडी निघून गेली होती.