पुतळ्यासाठी दिलेला चेहरा

दवाखान्यात मुलीच्या हाताला प्लास्टर घालताना तो ओला वास आला आणि मी पोरवयात कबड्डी खेळायचे ते नांदेडचं मैदान आठवलं. तिथं कबड्डीपटूचा पुतळा बसणार होता आणि चेहरा माझा घ्यायचं ठरलं होतं. मूर्तिकार चाचांनी माझ्या नाकात नळ्या घालून तोंडभर प्लास्टर थापलं. "बेटा, दम कोंडला तर हात वर कर."

प्लास्टर तापत गेलं आणि नळ्या बुजल्या. हात वर केला तर साचा जाईल, म्हणून मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले. तेवढ्यात शेजारी बसलेली आई ओरडली, "काढा ते! पुतळा न्हाई, पोरगी पायजे मला!"

साचा फुटला. पुतळ्याला दुसरीचा चेहरा मिळाला. मी आईशी आठ दिवस बोलले नाही. माझी नखं निळी पडलेली तिनं पाहिली होती, हे आई वारल्यावर चाचांनी सांगितलं.